गेमचे चित्र अधिकृत की चाहत्याचे? नवोदितांसाठी चित्रांची पारख आणि इंजिनाची निवड

जुलै २०२५ च्या अखेरीस ‘पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेम पॉकेट’ या मोबाइल गेममध्ये पत्त्यांचा नवा संच आला. त्यातील ‘हो-ओ’ या पक्ष्याच्या पत्त्यावरचे चित्र एका चाहत्याने पूर्वीच प्रसिद्ध केलेल्या चित्राशी फारच जुळते, हे खेळणाऱ्यांच्या लगेच लक्षात आले. कंपनीने माफी मागितली आणि खुलासा केला की, पत्ते तयार करणाऱ्या चमूनेच चित्रकाराला चुकीचे साहित्य अधिकृत संदर्भ म्हणून पुरवले होते. पोकेमॉनचे अधिकृत रूप कोणते हे ठरवण्याचा अधिकार ज्यांच्याकडे, त्यांच्याच दप्तरात ही चूक झाली होती. त्याआधी २०२१ मध्ये ‘डेस्टिनी २’ च्या एका ट्रेलरमध्ये चाहत्याचे चित्र शिरले होते. बाहेरच्या संस्थेकडून ते चुकून वापरले गेले, असे बंजी या स्टुडिओने तेव्हा मान्य केले.

हा लेख गेमविषयी नव्याने लिहू लागलेल्यांसाठी, व्हिडिओ किंवा पोस्टर तयार करणाऱ्यांसाठी आणि स्वतः फॅन आर्ट (आवडत्या गेमवर चाहत्याने काढलेले चित्र) किंवा छोटा गेम करून पाहण्याची इच्छा असणाऱ्यांसाठी आहे. मी स्वतः एका दिवाळी अंकासाठी पहिल्यांदा गेमवर लेख लिहिला, तेव्हा सोबतचे चित्र वॉलपेपरच्या एका संकेतस्थळावरून निर्धास्तपणे उचलले होते. अंक छापून आल्यावर एका शाळकरी वाचकाने कळवले की, त्या नायकाच्या हातातली तलवार मूळ गेममध्ये कुठेच नाही. तेव्हापासून चित्र कितीही देखणे असले तरी ते कोणाच्या हातून आणि कोणत्या साधनाने तयार झाले, हे आधी विचारायची सवय मी लावून घेतली. पुढच्या पायऱ्या त्याच सवयीतून आल्या आहेत.

पायरी पहिली : चित्राची जात ओळखा

गेमच्या नावाने फिरणारी चित्रे ढोबळमानाने चार जातींची असतात. चालू गेममधून थेट टिपलेला स्क्रीनशॉट ही पहिली जात. दुसरीत स्टुडिओने जाहिरातीसाठी खास तयार केलेली चित्रे आणि ट्रेलर येतात, तर तिसरीत गेम घडत असताना स्टुडिओच्या कलाकारांनी काढलेली संकल्पनाचित्रे. चौथी जात चाहत्यांच्या कामाची. पहिल्या तीन अधिकृत आहेत, पण गेम प्रत्यक्षात कसा दिसतो हे सांगण्याच्या बाबतीत त्यांतली फक्त पहिलीच भरवशाची, आणि तीही नेहमी नाही.

‘अधिकृत’ आणि ‘खरे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे नवोदिताने सुरुवातीलाच मनाशी पक्के केले की पुढचा बराच गोंधळ टळतो. २००५ च्या ई-३ या गेमच्या प्रदर्शनात सोनीने ‘किलझोन’ च्या पुढच्या भागाचा जो ट्रेलर दाखवला, तो अधिकृतच होता, परंतु ती दृश्ये आधी रेंडर करून (म्हणजे चालू गेममधून न टिपता संगणकावर वेगळी तयार करून) ठेवलेली होती आणि प्रत्यक्ष गेम यायला २००९ साल उजाडले. अशा चकचकीत चित्रांवर इतकी टीका होत गेली की, २०१६ मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाने निर्मात्यांना स्क्रीनशॉटच्या जागी संकल्पनाचित्रे आणि रेंडर न देता खेळातलीच दृश्ये द्यायला सांगितले. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हला तेव्हा स्वतःच्या ‘डोटा २’ चे पानही दुरुस्त करायला घ्यावे लागले.

पायरी दुसरी : चित्राचे मूळ गाठा

हातातल्या चित्राची सर्वांत मोठी आणि सर्वांत स्वच्छ प्रत मिळवा. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत आकुंचित झालेली असते आणि चित्राच्या फाइलमधली निर्मितीविषयीची माहितीही तिच्यातून बहुधा गळून पडलेली असते, म्हणून तिच्यावरून काहीही ठरवू नये. त्यानंतर गूगल लेन्सवर आणि टिनआयवर ते चित्र टाकून उलटा शोध घ्या. टिनआयवर निकाल जुन्यापासून नव्यापर्यंत लावण्याची सोय आहे आणि आपल्या कामासाठी तीच सर्वांत मोलाची आहे, कारण आपल्याला सर्वांत लोकप्रिय प्रत नको असून सर्वांत जुनी प्रत हवी असते. काहीच सापडले नाही, तर चित्राचा एखादाच ठळक भाग कापून शोधा, किंवा चित्र आरशातल्यासारखे उलटवून पुन्हा शोधा. चोरलेली चित्रे उलटवून टाकण्याची युक्ती जुनी आहे आणि अजूनही चालते.

शोध बहुतेक वेळा आर्टस्टेशन, डेव्हियंटआर्ट, पिक्सिव्ह किंवा रेडिटपर्यंत पोहोचतो. यांपैकी आर्टस्टेशनवर नवोदितांची फसगत सर्वाधिक होते, कारण तिथे स्टुडिओत नोकरी करणारे कलाकार गेम प्रसिद्ध झाल्यावर आपले अधिकृत काम मांडतात आणि त्याच पानांवर आवडीखातर केलेले कामही ठेवतात. एकाच कलाकाराच्या दोन शेजारच्या चित्रांपैकी एक अधिकृत आणि दुसरे फॅन आर्ट असू शकते. म्हणून चित्राखालचा मजकूर संपूर्ण वाचावा. ‘वैयक्तिक काम’, ‘फॅन आर्ट’, ‘सरावासाठी’ असे शब्द बहुतेक कलाकार प्रामाणिकपणे लिहितात. ते शब्द पुढच्या प्रवासात गळतात, आणि वॉलपेपरची संकेतस्थळे व पिंटरेस्ट यांच्यावर पोहोचेपर्यंत चित्राला फक्त गेमचे नाव चिकटलेले उरते. दोष बहुधा कलाकाराचा नसतो, हे लक्षात ठेवून त्याच्याशी बोलावे.

पायरी तिसरी : अधिकृत जागांशी ताडून पाहा

प्रकाशकाचे संकेतस्थळ, त्यावरचा पत्रकारांसाठीचा विभाग, प्लेस्टेशन, निन्टेन्डो आणि स्टीमवरचे गेमचे पान, आणि अधिकृत व्हिडिओ वाहिनी इतक्या जागा पाहिल्या की सहसा पुरते. स्टीमवर मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. दुकानाच्या पानावर वरच्या पट्टीत दिसणारी चित्रे निर्मात्याने दिलेली असतात, तर त्याच गेमच्या समुदाय विभागातील ‘आर्टवर्क’ आणि ‘स्क्रीनशॉट’ खेळणाऱ्यांनी चढवलेले असतात. पत्त्यात स्टीमचे नाव आहे एवढ्यावरून चित्र अधिकृत ठरत नाही.

तारखाही लावून पाहाव्यात. गेमची घोषणा होण्याआधीच फिरत असलेले चित्र एकतर फुटलेले (स्टुडिओतून परवानगीविना बाहेर आलेले) असते किंवा कल्पनेतले असते, आणि यांत कल्पनेतल्यांची संख्या फार मोठी असते. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ चा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला, पण त्याच्या नावाने देखणी पोस्टरे त्याआधी कित्येक वर्षे फिरत होती. याउलट सप्टेंबर २०२२ मध्ये याच गेमचे काम चालू असतानाचे जे चित्रण खरोखर फुटले आणि रॉकस्टारने खरे असल्याचे मान्य केले, ते ओबडधोबड होते आणि त्यावर चाचणीची अक्षरेही दिसत होती. अपुऱ्या अवस्थेतील काम असेच दिसते. म्हणून ‘फुटलेले चित्र’ म्हणून आलेली वस्तू फारच नेटकी असेल, तर संशय वाढवावा.

पायरी चौथी : चित्राच्या आत पाहा

आता चित्राकडे बारकाईने पाहायचे. खेळतानाचे म्हणून दिलेले दृश्य असेल, तर नकाशा, जीवशक्तीची पट्टी, बटणांच्या सूचना कुठे आहेत? त्या नसतील तर लगेच निष्कर्ष काढू नये, कारण आजच्या बहुतेक मोठ्या गेममध्ये छायाचित्रणाची स्वतंत्र सोय असते आणि तीत या गोष्टी लपवता येतात. पात्राचे कपडे, शस्त्रे, चिन्हे गेममधल्या कोणत्या प्रसंगाशी जुळतात ते पाहावे. गेमच्या नावाची अक्षरे अधिकृत बोधचिन्हाशी शेजारी ठेवून ताडावीत, कारण चाहते ती बहुधा जवळच्या एखाद्या फॉन्टमध्ये पुन्हा लिहितात. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या चित्रांत दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरे, बोटे, दोऱ्या आणि पट्ट्यांची टोके पाहावीत, तरी ही खूण दर वर्षी कमी भरवशाची होत चालली आहे.

जुन्या गेमवर चढवलेले मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनी गेममध्ये केलेले फेरबदल, हा आणखी एक चकवा आहे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ किंवा ‘स्कायरिम’ यांवर प्रकाश आणि पोत बदलणारे मॉड चढवून टिपलेले दृश्य खऱ्याच गेममधले असते, पण निर्मात्याने दिलेला गेम तसा दिसत नाही. अशा चित्राला ‘अधिकृत’ म्हणणे जितके चूक, तितकेच ‘बनावट’ म्हणणेही चूक. ‘मॉडसह’ असा शब्द जोडावा.

देखणेपणा ही कसोटी मानू नये. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ ची नवी आवृत्ती युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई इथल्या स्टुडिओंकडे होती. सप्टेंबर २०२० मध्ये तिची घोषणा झाली तेव्हा अधिकृत दृश्येच अनेकांना निराशाजनक वाटली. पुढे प्रकाशन लांबले आणि २०२२ मध्ये ते काम माँट्रियलकडे गेले. देखण्या फॅन आर्टशेजारी अधिकृत चित्र उणे दिसणे ही काही अपवादाची गोष्ट नाही.

पायरी पाचवी : इंजिन विचारा

माझ्या अनुभवात नवोदितांकडून सर्वाधिक दुर्लक्षित होणारी आणि सर्वाधिक उपयोगी पडणारी पायरी हीच आहे. गेम इंजिन म्हणजे प्रकाश, हालचाल, टक्कर, आवाज, पडद्यावरची मांडणी हे सर्व सांभाळणारी तयार यंत्रणा. काही स्टुडिओ अनरियल किंवा युनिटी यांसारखे सर्वांना उपलब्ध असलेले इंजिन घेतात, तर काही स्वतःचे घडवतात. घरगुती इंजिन चाहत्यांच्या हाती लागत नाही, त्यामुळे आवडत्या गेमचे दृश्य नव्याने उभे करायचे तर चाहता बहुधा अनरियलकडेच वळतो आणि मोठ्या अभिमानाने शीर्षकात ‘अनरियल इंजिन ५’ असे लिहितो. ते शीर्षकच आपला साक्षीदार आहे. रॉकस्टारचे गेम त्यांच्या स्वतःच्या ‘रेज’ इंजिनवर चालतात. म्हणून ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६, अनरियल इंजिन ५’ असे शीर्षक दिसले की, ते काम चाहत्याचे आहे हे व्हिडिओ न पाहताही सांगता येते. निन्टेन्डोच्या ‘झेल्डा’ मधल्या जुन्या गावांचे गवत वाऱ्यावर डोलवणारे अनरियलमधले व्हिडिओही याच जातीचे आहेत.

अशा चाहत्यांच्या दृश्यांत एक सारखेपणा दिसतो, आणि त्याचे कारण इंजिनाच्या व्यवहारात आहे. अनरियल तयार करणाऱ्या एपिकने २०१९ मध्ये क्विक्सेल ही कंपनी घेतली आणि तिचा मेगास्कॅन्स हा खऱ्या दगडांच्या, झाडांच्या आणि मातीच्या त्रिमितीय नमुन्यांचा संग्रह त्यानंतर अनेक वर्षे अनरियल वापरणाऱ्यांना फुकट मिळत राहिला. ५ एप्रिल २०२२ रोजी अनरियल इंजिन ५ सर्वांसाठी आले. त्यातील ‘नॅनाइट’ मुळे अतिबारीक तपशिलाचे नमुने थेट वापरता येऊ लागले आणि ‘ल्युमेन’ मुळे भिंतीवरून परावर्तित होणारा प्रकाश आपोआप हिशेबात येऊ लागला. परिणामी एकाच माणसाला काही दिवसांत ओले रस्ते, शेवाळलेले खडक आणि तिरपे ऊन उभे करता येऊ लागले. निरनिराळ्या गेमच्या नावाखाली तेच खडक पुन्हा भेटू लागले की ओळख पटते. अशी दृश्ये चालण्यापुरतीच असतात, त्यांत शत्रू, ध्येये किंवा खेळाचे नियम क्वचितच असतात. निन्टेन्डोने या माणसाला नोकरी द्यावी, अशी मागणी व्हिडिओखालच्या प्रतिक्रियांत दरवेळी होते. ती गमतीत घ्यावी.

ही कसोटी आंधळेपणाने मात्र लावू नये, कारण स्टुडिओ इंजिन बदलतात. निन्टेन्डो प्रामुख्याने स्वतःची यंत्रणा वापरते, तरी २०२३ चा ‘पिकमिन ४’ अनरियल इंजिन ४ वर तयार झाला. ‘सायबरपंक २०७७’ सीडी प्रोजेक्टच्या स्वतःच्या ‘रेडइंजिन’ वर होता, पण मार्च २०२२ मध्ये कंपनीने ‘विचर’ च्या पुढच्या मालिकेसाठी अनरियल ५ स्वीकारल्याचे जाहीर केले. २०२४ मध्ये ‘हेलो’ च्या निर्मात्यांनीही आपले ‘स्लिपस्पेस’ इंजिन सोडून अनरियलची वाट धरली. स्क्वेअर एनिक्सच्या एकाच मालिकेत ‘फायनल फँटसी ७ रीमेक’ अनरियलवर आणि ‘फायनल फँटसी १६’ कंपनीच्या स्वतःच्या यंत्रणेवर आहे. म्हणून इंजिन कंपनीवरून न ठरवता त्या-त्या गेमवरून ठरवावे.

शोधायचे कुठे? गेम सुरू होताना दिसणारे बोधचिन्ह, शेवटची नामावली, पीसीगेमिंगविकीवरची नोंद आणि संगणकावर गेम असल्यास त्याचा फोल्डर. ‘युनिटीप्लेअर’ नावाची डीएलएल फाइल दिसली तर युनिटी, ‘डेटा डॉट विन’ दिसली तर गेममेकर, मोठ्या ‘पॅक’ फाइल आणि ‘इंजिन’ नावाचा उपफोल्डर दिसला तर बहुधा अनरियल.

नुसत्या दिसण्यावरून इंजिन ओळखण्याच्या फंदात मात्र पडू नये. हाताने रेखाटलेला ‘कपहेड’ आणि रांगडा वास्तवदर्शी ‘एस्केप फ्रॉम तारकोव्ह’ हे दोन्ही युनिटीवर आहेत. जुन्या पिक्सेल शैलीचा ‘ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर’ अनरियलवर आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ अनरियल इंजिन ४ वर आहे आणि त्यात पहाडी चित्रशैलीचे रंग आणि सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेले कथाभाग आहेत. इंजिन रंग आणि कुंचला पुरवते, चित्रकाराचा हात पुरवत नाही.

अधिकृत, योग्य इंजिनावरचे, खऱ्या यंत्रावर चालणारे आणि तरीही गेममधले नसलेले चित्रणही असते. जून २०२५ मध्ये एपिकच्या कार्यक्रमात ‘विचर ४’ चे जे प्रात्यक्षिक प्लेस्टेशन ५ वर चालवून दाखवले, ते तंत्राचे प्रात्यक्षिक आहे, गेमचे दृश्य नव्हे, असे निर्मात्यांनी स्पष्ट केले होते. त्यातील चित्र वापरताना ‘गेममधील दृश्य’ असे लिहिणे चूक ठरते, ‘तांत्रिक प्रात्यक्षिकातून’ असे लिहावे.

पायरी सहावी : चित्राखाली काय लिहाल

शोध पूर्ण झाला की ओळ सोपी असते. ‘चाहत्याने केलेले चित्र, कलाकार अमुक, मूळ गेम तमुक’ एवढे पुरते. कलाकाराला विचारल्याशिवाय त्याचे काम लेखात, मुखपृष्ठावर किंवा व्हिडिओच्या दर्शनी चित्रात वापरू नये. समीक्षेसाठी किंवा चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी केलेल्या रास्त वापराला भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये जागा आहे, पण पोस्टर सजवण्यासाठी उचललेले चित्र त्या जागेत बसवणे कठीण आहे. मूळ सापडलेच नाही, तर ते चित्र सोडून द्यावे आणि स्वतः खेळून स्क्रीनशॉट टिपावा. त्याला अर्धा तास लागतो आणि त्याचे मूळ तरी नक्की ठाऊक असते.

पायरी सातवी : स्वतः करायचे असेल तर इंजिन कोणते घ्याल

फक्त एक स्थिर चित्र हवे असेल, तर गेम इंजिनाची गरजच नाही. रेखाटनासाठी क्रिटा आणि त्रिमितीय कामासाठी ब्लेंडर ही दोन्ही साधने विनामूल्य आहेत. ज्यात फिरता येईल असे दृश्य हवे असेल, तर अनरियल ५ योग्य आहे, मात्र एपिक त्यासाठी ३२ जीबी रॅम आणि ८ जीबी स्मृतीचे ग्राफिक्स कार्ड सुचवते, हे घरातला लॅपटॉप पाहून ठरवावे. अनरियलवर विकलेल्या गेमची कमाई १० लाख डॉलरच्या पुढे गेली, तर त्यापुढच्या रकमेवर साधारणपणे ५ टक्के हिस्सा द्यावा लागतो. नवोदिताने त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

स्वतःचा छोटा, द्विमितीय, पहिला गेम करायचा असेल, तर मी गोडॉट सुचवतो. अर्जेंटिनात जन्मलेले हे इंजिन २०१४ पासून मुक्तस्रोत आहे, कमाईत हिस्सा मागत नाही आणि त्याचे डाउनलोड २०० एमबीहूनही लहान आहे. युनिटीवर शिकण्याचे साहित्य अधिक आहे आणि मोबाइल गेमच्या धंद्यात ते रुळलेले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने गेमच्या प्रत्येक स्थापनेमागे शुल्क आकारण्याचे जाहीर केले, तेव्हा निर्माते इतके खवळले की आधी नियम सौम्य करावे लागले आणि वर्षभराने ते शुल्कच रद्द झाले. ते गेले तरी धास्ती उरली आहे आणि ती अगदीच अनाठायी नाही. ‘अंडरटेल’ गेममेकरवर झाला, ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ रेनपायवर. संवादप्रधान कथा सांगायची असेल, तर रेनपाय पुरेसे आहे.

मराठी मजकूर असलेला गेम करायचा असेल, तर निवड करण्याआधी एक चाचणी घ्यावी, कारण परदेशी मार्गदर्शकांत तिचा उल्लेख सापडत नाही. रिकाम्या पडद्यावर ‘किल्ला’, ‘विद्यार्थी’ आणि ‘क्षत्रिय’ हे शब्द लिहून पाहा. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर टंकली जाते पण त्याच्या आधी दिसते, आणि जोडाक्षरे फॉन्टमधल्या वेगळ्या आकृत्यांनी बनतात. हे काम करणारा घटक इंजिनात नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी बसते आणि पाय मोडलेली अक्षरे तुटक उभी राहतात. गोडॉट ४ आणि अनरियल हे काम व्यवस्थित करतात. युनिटीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या टेक्स्टमेशप्रोमध्ये मात्र ते आपोआप होत नाही आणि वेगळी सोय करावी लागते. चार-पाच महिने खपल्यानंतर हे लक्षात येण्यापेक्षा पहिल्याच दिवशी लक्षात आलेले बरे.

पायरी आठवी : आपल्या चित्राचे अनाथपण टाळा

आपले फॅन आर्ट उद्या कोणी अधिकृत समजू नये, यासाठी ‘चाहत्याचे काम’ हे शब्द आणि आपले नाव चित्राच्या आतच लिहावे, आणि तेही कोपऱ्यात कापून टाकता येणार नाही अशा जागी. चित्राखालचा मजकूर पहिल्याच फेरीत हरवतो. प्रकाशकाचे बोधचिन्ह, कन्सोलचे चिन्ह, वयोमर्यादेचा शिक्का आणि प्रकाशनाची तारीख यांपैकी काहीही चित्रावर घालू नये. पोस्टर ‘खरे वाटावे’ म्हणून नवोदित नेमके हेच घालतात आणि पुढचा सर्व गोंधळ तिथून सुरू होतो. चित्रापुढे जाऊन दुसऱ्याच्या पात्रांवर आख्खा गेमच करायचा मोह झाला, तर २०१६ मधला ‘मेट्रॉइड २’ चा चाहत्याने केलेला नवा अवतार आठवावा. अनेक वर्षांच्या मेहनतीनंतर तो प्रसिद्ध झाला आणि निन्टेन्डोच्या कायदेशीर मागणीवरून त्याचे दुवे लगोलग उतरवले गेले. याउलट सेगाने २०१७ चा ‘सोनिक मेनिया’ चाहत्यांमधून पुढे आलेल्या मंडळींकडूनच करवून घेतला, परंतु तो सेगाच्या परवानगीने आणि सेगाच्या नावाने निघाला.

चित्राची थरांसहित असलेली मूळ फाइल आणि सुरुवातीची दोन-तीन कच्ची रेखाटने तारखांसह जपून ठेवावीत. चित्र कोणाचे, असा प्रश्न पोकेमॉनच्या पत्त्यासारखा कधी उभा राहिलाच, तर दाखवायला हीच कामी येतात.